कलमी बोराएवढी तुरटी

पुण्याहून नातीचा फोन आला. तिला वाढदिवसाला कुणीतरी स्फटिक करायचा खोका दिलाय. त्यात म्हणे निळी पूड, चिमटा, हातमोजे आणि काय काय. "आजी, फिल्टरचंच पाणी लागतं हं," ती मला शिकवायला लागली. मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या आईनं टँकरच्या पाण्यात केलाय स्फटिक." तिला खरं वाटेना. तिनं ग्लास फोनपुढं धरून हरभऱ्याएवढा खडा दाखवला. "हा मोठा झाला, की आम्ही लातूरला तुझ्याकडं येणार. आईनं सांगितलंय." हे असलं बोलणं मी आधी एकदा ऐकलं होतं.

तेव्हा आम्ही मुखेडला राहायचो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, नव्या कचेरीला माणसं पाहिजे होती, आणि ह्यांची बदली तिकडं झाली. हे खूश. "आता जिल्ह्याच्या गावाला राहायचं," म्हणाले आणि वळकटी घेऊन एकटेच गेले. वर्ष दुष्काळाचं. लातुरात खोली बघायला गेलं, की घरमालक आधी विचारायचा, माणसं किती? एकटे असाल तर या. बायको-लेकरं म्हटलं, की हात जोडायचा. एवढ्यांना पाणी कुठून आणू? म्हणून हे तिकडं, आणि चौथीतली लेक अन् तिच्यामागचं बारकं लेकरू घेऊन मी इकडं.

शनिवारच्या यस्टीनं हे यायचे, रविवारी परत. निघायच्या वेळी पोरगी पिशवीला लटकायची, काही केल्या सोडायची नाही. एकदा तिची समजूत काढायला ह्यांनी तुरटी मागितली. त्या वर्षी तुरटी घराघरात. टँकरचं पाणी निव्वळ चिखल. दोऱ्याला तुरटी बांधायची, घागरीत गरागरा फिरवायची, गाळ तळाला बसला, की वरचं प्यायचं. ह्यांनी ती कुटून कढत पाण्यात विरघळवली, आणखी विरघळेना तोवर टाकत राहिले, आणि थोडं पाणी बशीत ओतून बाकीचं बाटलीत भरून ठेवलं. पुढच्या शनिवारी बशीत साखरेसारखे खडे धरलेले. त्यातला नीटस एक निवडून दोऱ्याला बांधला, दोरा खराट्याच्या काडीला, काडी ग्लासावर आडवी. खडा तुरटीच्या पाण्यात लोंबता, ग्लास खिडकीत, वर फडकं. "ह्याला धक्का लावायचा न्हाई. पाणी उडंल तसा हा वाढंल. बोराएवढा झाला, की मी तुम्हाला न्यायला येतो."

"कंचं बोर?" मी विचारलं. "गावरान का कलमी?"

माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कलमी."

गावरानापेक्षा कलमी बोर दुप्पट मोठं. मला तेव्हाच कळलं. हा माणूस मुदत मागून राहिला. खोली मिळत नव्हती आणि पोरीला तसं सांगायची हिंमत नव्हती. मला असला संताप आला! लेकरांना खड्याच्या नादी लावून गेले मोकळे. रडारड निस्तरायला मी आहेच.

पोरीनं घरात दहशत बसवली. पाय आपटायचा नाही, खिडकीपाशी जायचं नाही. भावाला शिंक आली, तर आधी दाराबाहेर पिटाळायची. विहिरी आटवणारं ऊन ह्या खड्याला मात्र मानवलं. ग्लासातलं पाणी उतरायचं, ती बाटलीतलं तुरटीचं पाणी हळूच ओतायची, आणि खडा अंग धरायचा. वर टोक, खाली टोक, बाजू आरशासारख्या लख्ख. एक दिवस म्हणाली, "आई, गावरान झाला!" मी "हं" म्हणाले. पण खरं सांगते, ती शाळेत गेली, की मीही फडकं उचलून बघायची. मला हे पाहिजे होते. भाकरी थापताना, घागर उचलताना, सारखे पाहिजे होते.

मग एका सकाळी टँकर आला. मी दोन्ही लेकरांना घेऊन घागरी-कळशांसकट पळाले. शेजारच्या मावशींचा नंबर आधी लागला. स्वभावाच्या लई चांगल्या. आपलं भरून झालं, तर आम्ही अजून रांगेत म्हणून दोन घागरी त्यांनी आमच्याही रांजणात नेऊन ओतल्या. पाणी गढूळ. इकडंतिकडं बघितलं, तर खिडकीत दोऱ्याला बांधलेली तुरटी तयारच!

आम्ही आलो, तर रांजण निवळलेला आणि मावशी पदरानं हात पुसत उभ्या. "तुरटी लई गुणाची हाय गं तुझी. जरा फिरवली की पाणी असं नितळ."

काडी ग्लासावर परत नीट ठेवलेली होती. दोऱ्याला चिंचोक्याएवढा गुळगुळीत गोटा उरला होता. मी नको ते बोलले. मावशींचा चेहरा पडला. "मला काय म्हाईत बाई? दोरी बांधलेली, मला वाटलं फिरवायलाच हाय."

पोरगी रडली नाही, तेच वाईट. बारक्यानं लगेच रांजणातलं दोन पेले पाणी ढोसलं. ती मात्र एवढ्या उन्हात तहानेली बसून राहिली. "पी की गं," म्हटलं, तर म्हणाली, "ते बाबांचं पाणी हाय. आता बाबा न्यायला येणार न्हाईत."

शनिवारी दुपारी पाट्यापाशी काहीतरी घासल्याचा आवाज आला. डोकावले. वाण्याकडची तुरटी घेऊन पोरगी एकेक बाजू घासत होती. वर टोक, खाली टोक. बोटं पांढरी झालेली. मी आल्या पावली मागं फिरले. मलाही तेच पाहिजे होतं.

संध्याकाळी हे आले. उंबऱ्यातच हळू आवाजात मला म्हणाले, "खोलीचं अजून जमंना." मी पाण्याचा तांब्या दिला. तेवढ्यात पोरगी काडी दोन्ही हातांनी धरून आली. "बाबा, झाला."

ह्यांनी दोरा वर धरला, खिडकीच्या उजेडात फिरवला. पाट्याच्या रेघा मला चुलीपासून दिसत होत्या. हे बघत राहिले, बराच वेळ. नाक ओढलं.

"झाला की गं," म्हणाले. "कलमी बोराएवढा झाला." मग माझ्याकडं वळून, "बांधा बोचकी."

"अन् खोली?"

"बघू. पाणी लांबून आणू, पण संगं राहू."

दुसऱ्याच दिवशी निघालो. सुरुवातीला एका ओळखीच्याच्या पडवीत राहिलो, मग पत्र्याची खोली मिळाली. पाण्यासाठी लातुरातही वणवण केली. पण रोज संध्याकाळी ह्यांच्या सायकलची घंटी वाजायची. ती घंटी आता कुठून आणू? आज ह्या घराला दोन-दोन नळ आहेत आणि हे गेल्यापासून पाणी प्यायला मी एकटी.

"आजी, दिसतोय ना?" नात विचारत होती. पडद्यावर हरभराच होता. मी चष्मा काढून ठेवला.

"झाला की गं," म्हणाले. "कलमी बोराएवढा झाला. सांग तुझ्या आईला, बांधा बोचकी."

तिकडून लेकीचा आवाज आला, चौथीतल्यासारखाच बारीक. "आई... बाबांना तेव्हा कळलं होतं?"

"तुला काय वाटतं?" मी म्हणाले. "शनिवारच्या गाडीनं ये."