बायच्या भातावरचं तूप

माझ्या मुलीच्या जुलाबांबद्दल मी लिहिणार आहे. ज्यांना किळस येते त्यांनी पान उलटावं. आखातात राहून आलेल्या माणसानं सोन्याच्या, टेपरेकॉर्डरच्या गोष्टी सांगाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्या आठवणीतलं बहारीन म्हणजे अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या छोट्या चड्ड्या. त्या तिथल्या उन्हात पापडासारख्या कडक व्हायच्या, आणि त्या काढेपर्यंत दुसऱ्या धुवायला आलेल्या असायच्या.

तेव्हा सौदीला जोडणाऱ्या पुलाचं काम चालू होतं. मी कोल्ड स्टोअरना, म्हणजे तिथल्या किराणा दुकानांना, माल पोचवणारी व्हॅन चालवायचो. जिदहफ्सला थोरल्या भावाच्या घरात आम्ही राहायचो. दादानंच माझा व्हिसा काढला होता, त्याच्याच शब्दावर माझी बायको आणि मुलगी तिथं आल्या होत्या. दोन खोल्या दादा-वहिनींच्या, एक आमची, मध्ये अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात सगळ्यांना मिळून एक संडास. मुलीला आम्ही बाय म्हणायचो. तिला दोन वर्षं पुरी होऊन गेली होती.

आमच्या कोकणात लहान मुलाला आई आपल्या पावलांवर शीला बसवते. बायही तशीच शिकली होती. पण आता ती जड झाली, बायकोचे पाय भरून यायला लागले, म्हणून मी बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारातून लाल प्लॅस्टिकची पॉटी आणली. आणि त्याच सुमारास तिला जुलाब सुरू झाले. ताप नाही, उलटी नाही. पातळ शी, आणि तिच्यात गाजराचे तुकडे खाल्ले तसेच्या तसे. पोर मात्र अंगणात मांजरामागे धावत असायची. औषधं झाली, तपासण्या झाल्या, जंत-बिंत काही निघालं नाही. आठवडे गेले, महिने गेले. जुलाब थांबेनात.

अशा पोटानं पॉटी कशी शिकणार? तिला कळायच्या आत व्हायचं. कधी आमच्या चटईवर, कधी वहिनींच्या गालिच्यावर. आम्ही ओरडायचो. मग ती कपाटामागे जाऊन उभी राहायला लागली. तिथं उभ्या उभ्या करायची आणि आतूनच म्हणायची, "मी नाय केलं." एकदा तिला ओढून बाहेर काढताना मी तिला घाणेरडी म्हणालो. तिला ते आज आठवत नाही. मला तिचा चेहरा आठवतो.

खाण्यापिण्याचे सल्ले सगळे देत होते. तूप नको, तेल नको, दूध नको. नुसती पेज द्या. आणि पोरीला ताकद यावी म्हणून फळांचा रस द्या. रस माझ्याकडे भरपूर होता. माल उतरवताना चेपलेले रसाचे डबे आमचा मालक ड्रायव्हरांना देऊन टाकायचा. आंबा, संत्रं, अननस. नळाचं पाणी मचूळ, बाय ते थुंकून टाकायची. गोडं पाणी कॅनमधून विकत आणावं लागायचं, ते सगळ्या घरात जपून वापरायचं. म्हणून तिच्या बाटलीत रस. सकाळी रस, दुपारी रस, झोपताना रस. माझ्या लहानपणी संत्र्याचा रस फक्त दवाखान्यात पडलेल्या माणसाला मिळायचा. माझी मुलगी दिवसभर तो पिते, याचा मला अभिमान होता. दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा अभिमान वाटावा असं तेव्हा माझ्याजवळ फार नव्हतं.

एके दिवशी दादा म्हणाला, "हिला इथलं पाणी मानवत नाय. महिनाअखेर माझा मेव्हणा गावी चाललाय. त्याच्याबरोबर दोघींना पाठवून दे."

"बघतो," मी म्हणालो.

बघण्यासारखं काही नव्हतं. माझे वडील बोटीवर होते. ते घरी आले की मी माजघरात लपायचो, कारण हा माणूस कोण ते मला आठवायचं नाही. दोघींना एकदा पाठवलं की परत आणणं माझ्या हातात राहणार नव्हतं, आणि मग बायही माझ्यापासून तशीच लपणार, हे मला दिसत होतं. तरी दादासमोर माझ्या तोंडून "बघतो" याच्यापुढे शब्द फुटला नाही.

त्या आठवड्यात आम्ही तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मल्याळी, हिंदी आमच्यासारखंच मोडकं. त्यानं बायचं वजन केलं, पोट दाबलं, जुने कागद वाचले, ती काय खाते, शीला कुठं बसते ते विचारलं.

"वजन तो बढ़ रहा है. खेलती है?"

"बहुत खेलती है," बायको म्हणाली.

"पानी कितना पीती है?"

"पानी नहीं, डॉक्टरसाब. जूस पीती है," मी छाती काढून सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "कितना जूस?"

बायकोनं पिशवीतून बाटली काढून दाखवली. "पूरा दिन."

डॉक्टर हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, इतकी साखर छोट्या आतड्याला झेपत नाही, ती पाणी ओढून घेते. जूस खलास. आणि घी-तेल का बंद केलंत? जे घरात सगळे खातात तेच हिला द्या, वर तूप घाला, अन्न पोटात टिकेल. रक्त पडलं, ताप आला, वजन उतरलं, तर लगेच घेऊन या. उठताना म्हणाला, "और वो पॉटी थोड़ा दिन छुपा दो. बच्ची डर गई है."

घरी येऊन मी सगळे डबे फोडले आणि रस मोरीत ओतला. मोरीला मुंग्या लागल्या. बाय बाटलीसाठी हंबरडा फोडून रडली, आणि मी दाराशी बसून ऐकत राहिलो.

शुक्रवारी सुट्टीचं जेवण दादाकडे असायचं. त्या दिवशी सनद गावात बांधकामावर असणारे खेडचे दोघे जण आले होते. वहिनींनी सगळ्यांना भात-आमटी वाढली आणि बायपुढे पेजेची वाटी ठेवली. मी उठलो. स्वयंपाकघरातून तुपाची बरणी आणली, माझ्या ताटातला आमटीभात तिच्या ताटलीत घातला आणि वर चमचाभर तूप ओतलं.

"भावजी, अहो काय करताय?" वहिनी ओरडल्या. "पोर जुलाबांनी बेजार, आणि तूप?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"तो मल्याळी?" पाहुण्यांतला एक म्हणाला. "तो तर खोबरेल पण पाजायला सांगेल!"

दुसरा म्हणाला, "उद्या संडासात तुमचा कुणाचा नंबर लागायचा नाय रे!" दोघंही हसले.

दादा हसला नाही. "महिनाअखेर जायचंच आहे त्यांना. तिथं गेल्यावर काय घालायचं ते घाल."

"त्या जाणार नाहीत."

"काय म्हणालास?"

"बाय कुठं जाणार नाही, दादा. जुलाब व्हायचे तर इथं होतील. गालिचा मी धुवीन, चड्ड्या मी धुवीन. तुला आमची अडचण होत असेल तर मी सनदला खोली बघतो."

त्याआधी मी दादाला कधी उलटून बोललो नव्हतो. बायकोनं मान वर केली नाही, पण तिनं हळूच बरणी माझ्याकडे सरकवली. बाय बोटं चाटत होती.

"अजून," ती म्हणाली. मी अजून एक चमचा घातला.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आलो की मी अंगणात, सगळ्यांच्या देखत, चड्ड्या धुवायला बसायचो. गल्लीतले ओळखीचे लोक दारातून डोकावून म्हणायचे, "काय, बायकोनं कामाला लावलं?" मी म्हणायचो, "होय. तुमच्या असतील तर आणा." गोड्या पाण्याचा जास्तीचा कॅन मी आणायला लागलो.

जुलाब एकदम थांबले नाहीत. मेव्हण्याचं विमान गेलं तेव्हा बाय पुरती बरी झाली नव्हती. त्या दोघी मात्र माझ्याजवळ होत्या. दादा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. पण एका दुपारी आमच्या खोलीच्या दाराशी गोड्या पाण्याचा भरलेला कॅन दिसला. तो मी आणलेला नव्हता.

हळूहळू चड्ड्या कमी व्हायला लागल्या. कपाटामागे कोणी लपेना. पॉटी मी पलंगाखाली मागे ढकलून ठेवली होती. एका शुक्रवारी सकाळी बायनं ती स्वतःच ओढून काढली, फरफटत अंगणात नेली आणि दादाच्या खुर्चीसमोर मांडून बसली. दादा चहा पीत होता. आम्ही नवरा-बायको खोलीच्या दारात उभे.

बऱ्याच वेळानं ती उठली. "खलास!" ती त्याला म्हणाली.

दादानं कप खाली ठेवला, वाकून पॉटीत पाहिलं, आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "घट्ट आहे गो!"

मी पुढे झालो. पॉटी उचलली, आणि झाकून न घेता, सगळ्यांना दिसेल अशी, अंगणातून संडासाकडे घेऊन गेलो.