कपातीच्या बाजूने आणि विरोधात

कॉलेजात असताना मला कुठल्याच विषयावर स्वतःचं मत नव्हतं, आणि म्हणूनच वादविवाद स्पर्धांत मी फार पुढे गेलो. स्पर्धांची रीतच तशी होती. विषय आधी कळायचा. बाजू कोणती, हे स्टेजवर चढण्याआधी चिठ्ठी उचलल्यावर. त्यामुळे दोन्ही भाषणं पाठ करून जायचं आणि चिठ्ठी सांगेल ते पोटतिडकीने बोलायचं. पोटतिडीक दोन्हीकडे सारखीच असायची माझी. परीक्षकांना तेच आवडायचं.

नव्वद साल नुकतंच सरलं होतं. सरकारच्या तिजोरीत खडखडाट आहे असं रोज पेपरात यायचं, आणि धुळ्याच्या स्पर्धेला विषय आला: लढाऊ विमानं आणि शस्त्रास्त्रांवरच्या खर्चात कपात करावी. मला चिठ्ठी निघाली कपातीच्या बाजूची. मी सुटलोच. ‘एक विमान आकाशात झेपावतं तेव्हा त्याच्या सावलीत शंभर विहिरी कोरड्या पडतात,’ असं एक वाक्य मी फेकलं. त्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नव्हता. टाळ्या मात्र कडाडून पडल्या, आणि त्या जोरावर जळगावला परतताना एसटीच्या शेवटच्या सीटवरही मला धक्के जाणवले नाहीत.

पुढे दोनेक वर्षांत मी जळगावातच एका पाइपच्या कारखान्यात ऑफिसला चिकटलो आणि शिंदखेड्याच्या मामांनी स्थळ आणलं. मुलगी बीएस्सी झालेली, वडील भुसावळकडच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात. मुलगी बघायला मामा आणि मी असे दोघंच गेलो. मामांनी बसमध्येच बजावलं होतं, की बोलायचं त्यांनी, मी फक्त पोहे खायचे.

पोहे खाताना मला गप्प बसवेना. मुलीचे वडील समोर खुर्चीत ताठ बसले होते, कारखान्याच्या भोंग्यावर आयुष्य काढलेली माणसं बसतात तसे. मला खरोखरच उत्सुकता होती. मी विचारलं, “भाऊ, तुमच्या कारखान्यात नेमकं बनतं काय?”

ते म्हणाले, “नोकरी.”

मामा खो खो हसले. मला वाटलं, आपण वातावरण जिंकतोय. मग मी माझं दुसरं भाषण काढलं, धुळ्यात न वापरलेलं, अगदी कोरं करकरीत. संरक्षणाच्या पैशाला हात लावणं म्हणजे घराचं कुलूप विकून धान्य आणणं, विमानांची खरेदी थांबवणारे लोक सरहद्दीवर एक दिवस उभे राहून बघोत, वगैरे. दारूगोळ्याच्या घरात दारूगोळ्याचं कौतुक, यात चुकायला जागाच कुठे होती? मामासुद्धा मान डोलवत होते.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “धुळ्याला मी होतो.”

मला आधी कळलंच नाही, कुठल्या धुळ्याला.

“माझा भाचा होता स्पर्धेत. विमानाच्या सावलीत विहिरी म्हणालात ना तुम्ही? मीपण टाळी वाजवली. आमचा ओव्हरटाइम नुकताच बंद झाला होता त्या कपातीपायी. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, आपण टाळी कशाला वाजवली?”

मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच अहिराणीत म्हणाले, “भाचा, तू बठ्ठं वाटोळं करी टाकं.” मी घाईघाईने खुलासा केला, की तिथे बाजू चिठ्ठीवर ठरते, ते काही माझं मत नव्हतं.

तेवढ्यात चहा घेऊन मुलगी आली. रिवाजाप्रमाणे प्रश्न आमच्याकडून व्हायचे: नाव काय, शिक्षण किती, खापरावरची पोळी येते का. मामांना एकही सुचेना. तिने कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, “मग आज कोणती चिठ्ठी निघाली?”

भाऊ तिला रागावले नाहीत. माझ्याजवळ या प्रश्नाचं भाषण नव्हतं. मी म्हणालो, “मला खरंच माहीत नाही. कारखान्यात काय बनतं हेही माहीत नसताना मी दोन्ही बाजूंनी बोलून बसलोय.”

“काय बनतं ते मलाही माहीत नाही,” ती म्हणाली. “बाबा घरात सांगत नाहीत. ओव्हरटाइम बंद झाला की आईला मात्र किराणा आणताना कळतं. तुमचं मत ठरलं की कळवा.”

मुलाकडच्यांनी ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणायचं असतं. इथे तीच आम्हाला कळवायला सांगत होती. परतताना मामांनी हे स्थळ माझ्यादेखत कापून टाकलं आणि जामनेरकडचं दुसरं काढलं.

पण मला ते डोक्यातून जाईना. ऑफिस सुटलं की मी वाचनालयात जाऊन बसायचो. ओव्हरटाइम पुन्हा गेला तर भाऊंच्या कारखान्यातली माणसं करणार काय? जुनी विमानं रेटून उडवायची, त्यात वैमानिक मरतात, मग वाचलेले पैसे वाचले म्हणायचे का? आणि शेजारच्याने घेतलं म्हणून आपण घ्यायचं, हे थांबवायचं कोणी? सोमवारी मी कपातवाला असायचो, गुरुवारी विरोधक. मजा म्हणजे, ऐकायला कोणी नसताना हे सगळं फार अवघड जात होतं.

शेवटी एका रविवारी, रीतभात गुंडाळून ठेवून, मामांना न सांगता मी एकटाच भाऊंच्या कॉलनीत गेलो. बसमध्ये जे ठरलं होतं ते एवढंच: जुनं विमान बदलावं, त्यात हात आखडू नये, पण नुसत्या हव्यासाची खरेदी कापावी, आणि कापताना आधी कामगाराचा ओव्हरटाइम कापू नये. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. अशा भाषणाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं.

दार भाऊंनी उघडलं. मी उभ्या उभ्या ते सगळं सांगून टाकलं, आणि मत अजून पुरतं ठरलं नाही, हेही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“या, बसा,” ते म्हणाले. “ती तीन आठवडे पेपरातली कात्रणं काढतेय. आधी तिचं ऐकून घ्या.”

आत ती चटईवर कात्रणं पसरून बसली होती. मी बसायच्या आतच म्हणाली, “हव्यासाची खरेदी कुठली आणि गरजेची कुठली, हे ठरवणार कोण?”

मी चपला काढल्या आणि चटईच्या कडेला बसलो. भाऊ स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, पाहुणे जेवून जातील.