पाळन्याजवळचा आवाज

माह्या घरवाल्याची नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात दुपारची पाळी, अन् लेकरू नऊ महिन्यांचं, बापाचा आवाज आयकल्याबिगर दुपारी झोपेच नाई. म्हनून त्यानं पत्त्याच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आनला, त्याच्यावर आवाज मोठा करनारा बोर्ड बसवला, स्पीकर जोडला, अन् सोताचा आवाज भरून ठेवला, "झोप रे राजा, मी हाओ ना." करंट भेटला का आपोआप चालू होये. डबा अजून नव्हता, सगळं उघडंच, पाळन्याजवळच्या टेबलावर.

जाताना म्हने, "हे पाय, बारा व्होल्टचा हा एकच अ‍ॅडाप्टर, वरच्या बोर्डाले. त्याच्यातूनच खालच्या कॉम्प्युटरले करंट जाते. त्याले मोबाईलचा चार्जर वेगळा लावायचा नाई. चालू असताना वायरीले हात नाई."

मी आठवीपर्यंतच शिकली, पन एवढं समजलं मले.

त्याच दिवशी सासूबाई आल्या चांदूर बाजारहून. लाइट गेलेली. त्यायनं टेबलाकडे पाह्यलं अन् म्हनल्या, "नवी मशीन आनली अन् हयद-कुंकू नाई? फवारनीच्या पंपाले लावतो आपन, याले काहून नाई?"

"आई, त्याले पानी चालत नाई."

"बोटभर कुंकवानं काय होते व? लय शिकलेली तू."

ओल्या हयद-कुंकवाची दोन बोटं त्यायनं टेकवली, बरोबर जिथं करंटच्या वायरी स्क्रूनं कसल्या होत्या तिथं, अन् शेजारच्या घरी बसाले गेल्या. लाइट नव्हती म्हनून मलेबी भेव वाटलं नाई. भिंतीवरचं बटन चालूच राह्यलं होतं, ते कोनीच पाह्यलं नाई.

मी भांडे घासून राह्यली होती. पंखा फिरला, म्हनजे लाइट आली. थोड्या येळानं घरात आवाज आला, "झोप रे राजा." अन् बंद. अर्धा मिनिट काहीच नाई. मग पुन्हा, "झोप रे राजा." तेवढंच. पुढचं "मी हाओ ना" येतच नव्हतं, कोनी तोंड दाबल्यावानी. मधल्या येळात स्पीकरमधून सूं सूं, जसा कोनी बाजूले बसून श्वास घेते. मी दारात उभी, हात ओले. मनात आलं, कारखान्यात त्याले तं काई झालं नसन?

मग जळाल्याचा वास आला. अन् लेकरू पाळन्याच्या काठाले धरून उभं, एक हात वायरीकडे लांब केलेला, हसून राह्यलं होतं त्या आवाजाकडे पाहून.

मी त्याले कसं उचललं मले आठवत नाई. काखेत दाबलं, अन् धाकट्या दिराले फोन लावला, तो अकोल्याले मोबाईल दुरुस्त करते.

"वहिनी, वायर ओढू नका," तो म्हनला. "हात कोरडे करा. भिंतीवरचं बटन दाबा. बोर्डाले बोट लावू नका."

बटन दाबलं. तरीबी स्पीकर एक श्वासभर वाजला, बारीक बारीक होत गेला.

"बंद केलं तरी बोलून राह्यलं, भाऊजी."

"थोडा करंट साचून राह्यते त्याच्यात. लेकराले बाहेर न्या अन् दहा मिनिटं तिथं जाऊ नका."

मी अर्धा तास ओट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरवाला पाळन्यावर वाकला. ओल्या कुंकवानं करंट तुटून मशीन पुन्हा पुन्हा पहिल्यापासून चालू होत होती, अन् स्क्रू काळे पडले होते, म्हनून सगळं त्यानं खोलून वरच्या फळीवर ठेवलं होतं. तो बोलला, "झोप रे राजा, मी हाओ ना." लेकरानं त्याच्याकडे पाह्यलंच नाई. रिकाम्या टेबलाकडे हात पसरले.

"पुन्हा बोला," मी म्हनली.

तो पुन्हा बोलला. तिसऱ्या खेपेले लेकरानं वळून त्याचे हलते ओठ पाह्यले, बोट लावलं, अन् त्याचा गरम श्वास लागताच चटका बसल्यावानी हात मागे घेतला.