आत्याबाईंच्या नावावर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आणि गंमत बघा, बोलणं हाच माझा धंदा. परभणीतल्या एका हॉलमध्ये दर रविवारी मी कॉलेजच्या पोरापोरींना शांततेचे धडे देते. आमच्या संस्थेनं त्याला 'विश्व नागरिक वर्ग' असं भारदस्त नाव दिलंय. मोबाइलवर आलेली अफवा कशी ओळखायची, डोकं तापलं की आधी काय करायचं, दुसऱ्याच्या देवाबद्दल कसं बोलायचं — सगळं मला तोंडपाठ आहे. कधी पडद्यावर परदेशातली मुलं दिसतात, आमची पोरं त्यांना हात हलवतात, मोडक्या इंग्रजीत हसतात. लांबच्या माणसावर माया करणं फार सोपं असतं हो. तो काही आपल्या घरी जेवायला येत नाही.

बघा, पुन्हा शिकवायलाच लागले. सवय. मुद्द्यावर यायचं म्हटलं की जीभ अशी आडवाटेला जाते.

तर — वर्गात घरभेटीची पद्धत मीच सुरू केली. अधूनमधून सगळ्यांनी मिळून एकाच्या घरी जायचं, तिथंच जेवायचं. एकाच शहरात राहून ज्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नाही, तिथं पंगतीला बसायचं. पोरांना हे लय आवडलं. वर्गातल्या आफरीनच्या घरी गेलो तेव्हा तिच्या अम्मीनं माझ्यासाठी शेजारच्या शाकाहारी घरातून पातेली मागून आणली होती. मॅडम लिंगायत आहेत, त्यांना आपल्या भांड्यातलं चालेल न चालेल, म्हणून. मी पोटभर जेवले. वर सगळ्यांसमोर त्या बाईचं कौतुकही केलं.

मग माझ्या घराची पाळी आली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या वालूरच्या. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात नाही. बघणाऱ्याला वाटावं, बाई फार कडक असणार. त्या दिवशी सकाळीच त्यांनी मांडणीवरची स्टीलची ताटं उतरवून घासून पुसून ठेवली होती. मी बाजारातून कागदी ताटांचं पाकीट घेऊन आले.

"अगं, ताटं काढून ठिवलीत की मी," त्या म्हणाल्या. "लेकरं कागदावर जेवतेत व्हय?"

एवढी ताटं धुवायला पाणी कुठंय, असं मी म्हणाले. आदल्याच दिवशी नळ येऊन गेला होता. ड्रम काठोकाठ भरलेले. त्यांनी ड्रमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि धपाटे थापायला बसल्या.

का केलं मी असं? किळस वाटली? नाही — निदान मी स्वतःला तसं सांगितलं. आफरीन, तिच्यासोबत वर्गाला येणारा इम्रान, दोघं मला खरोखर आवडायचे. पण ते ज्यांत जेवले ती ताटं नंतर आमच्या मांडणीत, आमच्या ताटांत मिसळावीत, हे मला नको होतं. त्यांच्या घरी मी जेवले, ते त्यांचं घर होतं. हे माझं होतं. याहून शहाणं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ — नाही, तरीही ते वाईटच होतं. पण थांबलं नाही. आफरीन मदतीला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि तिला ती ताटं दिसली.

"मॅडम, ताटं हायेत ना इथं! मी धुते सगळी, तुमी टेन्शन नका घेऊ."

मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "सासूबाईंचं जरा सोवळं असतं गं. जुनी माणसं. तू मनाला लावून घेऊ नको."

किती सहज निघालं ते तोंडातून! आफरीननं ताटांकडे नेलेला हात मागे घेतला. बाहेर आत्याबाई पोरांना आग्रह करकरून वाढत होत्या. आफरीन पंगतीत येऊन बसली तेव्हा तिच्या कागदावर त्यांनी जास्तीचा धपाटा टाकला. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर ती घराची पायरी चढली नाही. काही द्यायचं असलं तर फाटकातूनच हाक मारायची. आत्याबाई दिसल्या की लांबून आदबीनं मान लववायची. आत्याबाई मला विचारायच्या, "ती पोरगी आत का येईना गं? धपाटे आवडले न्हाईत का तिला?" मी म्हणायचे, परीक्षा आहे तिची. वर्षभर परीक्षाच चालू होती बिचारीची.

आणि याहून खालची पायरी सांगू? मोठ्या शहरात प्रशिक्षण होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनातला भेदभाव, असा विषय. मी उभी राहिले आणि कागदी ताटांची गोष्ट सांगितली — आत्याबाईंच्या नावावर. गळा दाटून आला माझा, खोटं सांगताना खरोखर दाटून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या घरातलं एवढं उघड बोलायला धाडस लागतं, असं एकजण म्हणाले. मग मी ती गोष्ट जिथं गेले तिथं सांगत राहिले. रात्रीच्या गाडीनं परत यायचे तेव्हा आत्याबाई माझं जेवण झाकून जाग्या बसलेल्या असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात, भस्म लावून, फुलांनी सजवून. सगळे येऊन पाया पडतात. घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी येऊन सांगितलं, बाहेर एक मुलगी उभी आहे. फाटकापाशी, मोटारसायकलींच्या मधल्या उन्हात, आफरीन शेवंतीचा हार घेऊन उभी होती. रडून डोळे सुजलेले. मी आत चल म्हणायच्या आधीच तिनं हार माझ्या हातात दिला.

"तुमीच घाला, मॅडम," ती म्हणाली. "आजींना चाललं नसतं. आज तरी त्यांना माझा त्रास नको."

एक वाक्य बोलायचं होतं. ऐकून रागवायला आत्याबाईही उरल्या नव्हत्या, आणि त्या तर रागवल्याही नसत्या. मी हार घेतला, "बरं" म्हणाले आणि एकटीच आत गेले.