भिवामामांची पहिली पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — माहीत नाही, पण सांगतो.

मी आता एका मोठ्या दवाखान्यात नकाशाच्या मशीनवर बसतो. डॉक्टर मांडीच्या शिरेतून तार हृदयाच्या वरच्या कप्प्यात नेतात आणि माझ्या पडद्यावर त्या कप्प्याचा रंगीत नकाशा उमटतो — भलती वीज कुठून उठते, कुठं फिरत राहते. ठोका चुकला की याला आधी दिसतो, असं सगळे कौतुकानं म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

आधी मी नवीन जालन्यात एका छोट्या दवाखान्यात ईसीजी काढायचो. पट्टी कापायची, केसपेपरवर चिकटवायची. पेशंट हलल्यानं पट्टीवरची रेघ वेडीवाकडी आली की डॉक्टर चारचौघांत सालटी काढायचे. भिवामामा आले, त्याच्या आदल्याच दिवशी माझी काढली होती.

हसनाबादचे भिवामामा छातीत फडफडतं म्हणून आले. मेंढरं राखणारा सरळ माणूस. मशीन चालू असतानाच म्हणाले, "बघ, आता फडफडून राह्यलं." पट्टीवर ठोके वेडेवाकडे — दोन जवळ, एक लांब, आणि प्रत्येक ठोक्याआधीची छोटी लाट गायब. मामा हलले होते का? छे! ते दगडासारखे पडून होते. हे काय असतं, मला शिकवलेलं होतं — वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचतं, त्याची गाठ मेंदूकडे जाऊ शकते. मला कळलं होतं. पण पुन्हा बोलणी कोण खाणार?

मामांना पाणी दिलं, दहा मिनिटं बसवलं. ठोके आपोआप सुरात आले. दुसरी पट्टी काढली, सुबक. तीच चिकटवली, पहिली खिशात कोंबली. दोन्ही का नाही चिकटवल्या? एवढं तर करता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे.

दीड महिन्यानं मामांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. जुने कागद न्यायला मामी आल्या.

"पट्टी बराबर आल्ती न्हाई का रे बाबा?"

"बिलकुल बराबर आल्ती, मामी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "रोज म्हणायचे, फडफडतंय. म्याच म्हणलं, कागद चांगला आलाय, सोंगं करू नका. मंग त्यांनी सांगणंच सोडलं."

मी समोरच उभा होतो. त्या स्वतःला दोष देत होत्या, आणि मी तो त्यांच्याकडेच राहू दिला.