आठच दिवस, असं मी म्हणालो

"मुलीला डायबेटिस आहे. म्हणजे मधुमेह," पुण्याच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, तो तर खात्यापित्या म्हाताऱ्या माणसांचा रोग. माझी सुलू नऊ वर्षांची. बाई म्हणाल्या, मुलांनाही होतो आणि मुलांमध्ये फार झपाट्याने वाढतो. पोटात इन्सुलिन नावाचा रस तयार होतो, तो हिच्या पोटात व्हायचा थांबला आहे. त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर रक्तात साचते, लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून पोर सारखी लघवीला जाते आणि म्हणून तिला तहान लागते.

मी ते पुन्हा विचारून घेतलं. पाणी पिते म्हणून लघवी होते असं नव्हे? बाई म्हणाल्या, नव्हे. लघवी होते म्हणून पाणी पिते.

मी उलटं समजलो होतो. ते समजणं आम्हाला किती महागात पडलं असतं, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

मी माणदेशातला. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला तेव्हा फिटर म्हणून लागलो आणि कासारवाडीत एक खोली घेऊन बिऱ्हाड केलं. तिघंच आम्ही. त्या पावसाळ्यात सुलू अंथरूण ओलं करायला लागली. एवढी घोडी झाली तरी, असं मी तिला रोज ऐकवायचो. ओली वाकळ दारासमोर वाळत घालायची मला लाज वाटे. शेजारचे लोक बघत आणि काही बोलत नसत, ते जास्त लागे. कुणीतरी सांगितलं, दिवेलागणीनंतर पाणी तोडा. मी पाण्याची कळशी उचलून तिचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली.

ती रडली नाही. दोनदा मागितलं, मग मागायची थांबली. मला वाटलं, सुधारली.

पुढे ती वाळत गेली. वैद्यांनी जंत म्हणून औषध दिलं. मोरीजवळ मुंग्या लागायला लागल्या, त्या आम्ही राख टाकून हटवल्या. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी ती धाप लागल्यासारखा खोल श्वास घ्यायला लागली. हाक मारली तर ओ देईना. चिंचवडच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाशी वाकून वास घेतला. पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. ते म्हणाले, इथे एक मिनिट थांबू नका. कारखान्याच्या ट्रकमधून आम्ही तिला पुण्याला नेलं.

पहिले दोन दिवस ती कोमात होती, म्हणजे शुद्ध नव्हती. शिरेतून सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, चाललं होतं आणि घड्याळ लावून इन्सुलिनची इंजेक्शनं. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचो. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि आईला विचारलं, शाळा बुडली का.

आठवड्याभराने मोठ्या बाई सहा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आल्या. मला वाटलं, आता त्या बोलतील आणि पोरं लिहून घेतील. पण बाईंनी खाटेभोवती स्टुलं मांडायला लावली, आम्हालाही त्यात बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आज मी शिकवणार नाही. हा आजार कधी सुरू झाला, ते तुम्ही सहा जणांनी मिळून ह्या तिघांकडून शोधून काढायचं.

एका उंच मुलाने मला दरडावल्यासारखं विचारलं, किती दिवस लक्षणं होती? मी म्हणालो, "आठच दिवस."

सुलूची आई माझ्याकडे बघत राहिली. मी मान फिरवली. मुलाने वहीत लिहिलं. दुसरा म्हणाला, म्हणजे मुलांमध्ये हा आजार आठवड्याभरात ह्या थराला जाऊ शकतो. बाकीच्यांनीही लिहिलं. माझं खोटं सहा वह्यांत उतरताना मी पाहिलं आणि गप्प बसलो.

त्यांच्यात मालती नावाची एक कोकणातली मुलगी होती. ती लिहीत नव्हती. तिने सुलूचा हात हातात घेतला. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या आणि त्यांना आतून दोरा गुंडाळलेला होता. तिने विचारलं, ह्या कधी भरल्यास? सुलू म्हणाली, नागपंचमीला. तेव्हा घट्ट होत्या? हो, कासारणीने साबण लावून चढवल्या. मग सैल झाल्या म्हणून दोरा कधी गुंडाळला? सुलूची आई हळूच म्हणाली, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी.

मालतीने बाकीच्यांकडे पाहिलं. नागपंचमी ते घटस्थापना, मग दिवाळी. त्यांनी बोटांवर मोजलं. उंच मुलाने वहीतली ओळ खोडली.

मग तिने सुलूला विचारलं, तहान लागायची तेव्हा काय करायचीस?

सुलूने माझ्याकडे पाहिलं नाही. "मोरीतल्या बादलीतलं प्यायचे," ती म्हणाली. "कपडे विसळून उरलेलं."

हे मला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. कळशी कुणी वर ठेवली, ते सुलूने सांगितलं नाही. ते मी सांगितलं, कारण आता न सांगणं शक्यच नव्हतं. उंच मुलगा काहीतरी बोलणार होता, पण बाईंनी हाताने थांबवलं.

"हे आठ दिवस म्हणाले, ते लाजेने," त्या म्हणाल्या. "आणि तू असं विचारलंस की लाज वाटावी. आईबापाला आरोपी केलंस तर आजार कधी सुरू झाला ते तुला कळणार नाही. आज तुम्ही सगळे एवढं शिकलात तरी पुष्कळ झालं."

मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावरचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे कुणाच्या घरी हे आलं तर उपयोग होईल. सकाळ-संध्याकाळ मांडीत इंजेक्शन. काचेची सिरिंज उकळून घ्यायची. सुई बोथट होते, तिला मी कारखान्यातल्या सवयीने तेलाच्या दगडावर घासून धार लावून देतो. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवतो. परीक्षानळीत निळं औषध घालून त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर फार आहे. इन्सुलिन जास्त झालं तर पोर घामाघूम होऊन थरथरते, तेव्हा लगेच खडीसाखर द्यायची. हे सगळं शिकता येतं. माझी बायको शाळेत गेलेली नाही, ती माझ्याआधी शिकली.

आणि तुमचं मूल सारखं पाणी मागत असेल, अंथरूण ओलं करत असेल, वाळत असेल, तर त्याला पाणी द्या आणि डॉक्टरांकडे नेऊन लघवी तपासून घ्या. त्याला रागावू नका.

नवे शिकाऊ डॉक्टर आले की बाई आम्हाला बोलावतात. आम्ही स्टुलांवर बसतो, ते विचारतात, मी कळशीचं सांगतो. सांगून सांगून हलकं होईल असं वाटलं होतं. होत नाही.

पुढच्या वर्षी मालती पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आम्ही पुण्याच्या इस्पितळात तपासणीला गेलो असताना कुरुळीची एक बाई बाकावर भेटली. तिच्याबरोबर सहा वर्षांची मुलगी होती, हातात नवी सिरिंजची डबी. मालतीने पहिल्याच भेटीत लघवी तपासली होती आणि पोर हिंडतीफिरती असतानाच पुण्याला पाठवली होती. आम्ही कोण ते त्या बाईला परिचारिकेने सांगितलं होतं.

"भाऊ, तुमच्या लेकीमुळं माझी पोर वाचली म्हनं," ती म्हणाली. "खेडच्या डागदरीणबाई म्हनल्या, तुमच्यापाशीच शिकले मी हे."

सुलू तोवर त्या लहानगीशेजारी जाऊन बसली होती आणि मांडीची कातडी चिमटीत कशी धरायची, ते स्वतःच्या मांडीवर दाखवत होती.

"तुमीबी अशी येळंवरच आनली व्हती का पोरीला?" बाईने विचारलं.

ती डॉक्टर नव्हती, वही घेऊन बसली नव्हती. मला काहीही सांगता आलं असतं. सुलूचा हात जागच्या जागी थांबला. ती ऐकत होती.

"नाही," मी म्हणालो. "मी फार उशीर केला. ती पाणी मागत होती आणि मी दिलं नाही."

सुलूने मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्या लहान मुलीला म्हणाली, "घाबरू नको. आता सुई सरळ धरायची."