मूठभर मेथी

"शिरेत गुठळी झालीय," डॉक्टरीणबाई सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून म्हणाल्या. "पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस." म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत रक्त गोठलं होतं.

त्याआधी मला झाला होता ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस, स्वादुपिंडाची सूज. पित्ताशयातला खडा नको तिथं अडकला. वाशी मार्केटात माझ्या गाळ्यावर मेथीचा सौदा रंगात आला असताना पोटातून पाठीत असा भाला घुसला, की मी जुड्यांच्या ढिगावरच आडवा झालो. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, भाव पटत नसेल तर सांगा ना. नाटकं कशाला?"

स्वादुपिंड! नावात स्वाद, आणि शिक्षा काय, तर तोंडाला कुलूप. पाण्याचा घोटही नाही. इस्पितळात शेजारच्या खाटेवर डब्याचं झाकण उघडलं की मी डोळे मिटायचो. नाक कसं मिटणार?

बाईंपुढे पेच होता. गुठळी पसरली तर आतड्यांचा रक्तपुरवठा जाणार. रक्त पातळ करावं, तर सुजलेल्या जागी रक्तस्रावाची भीती. "दोन्हीकडे धोका आहे," त्या म्हणाल्या, "पण गुठळी वाढतेय. हेपॅरिन सुरू करू आणि रक्त तपासत राहू." हेपॅरिन गुठळी वाढू देत नाही. ती विरघळवायचं काम शरीराचं.

सुमन, माझी बायको, दुपारी यायची, घरची मेथी निवडून. मी म्हणायचो, "हात दे."

"अहो, माणसं बघत्यात!"

"बघू देत."

तिचा तळवा नाकाशी धरायचो. कडसर, ओल्या मातीचा वास. भाकरी, लसणाची फोडणी, मेथी, अख्खं जेवण मी त्या तळव्यावर जेवायचो.

सूज उतरली, पेज सुरू झाली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेऊन घरी आलो, आणि मार्केट धावून आलं. "शेठ, पालेभाजीनं रक्त वाढतं!" पालक, माठ, चाकवत, सोसायटीच्या जिन्यात भाजीबाजार भरला. आणि मेथी! मी उपाशी माणसासारखा तुटून पडलो.

पुढची तपासणी प्रोथ्रोम्बिन टाइमची, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची. रिपोर्ट बघून बाई दचकल्या. रक्त पुन्हा लवकर गोठत होतं. "गोळी घेताय ना?"

"देवाशपथ."

"मग खाताय काय?"

सुमननं यादी सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा जोर मोडतं. "सोडू नका. पण रोज सारखीच खा. आज ढीग, उद्या काहीच नाही, असं चालणार नाही."

सुमननं मूठ पुढे केली. "एवढी?"

"एवढी."

तुमच्यावर ही वेळ आली, तर मायेनं आलेली पिशवी उघडण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काही महिन्यांनी शीर मोकळी झाली, गोळी थांबली. पुढे खड्यांसकट पित्ताशयही काढलं. बाईंचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

आता पहाटेपासून मी मेथीच्या डोंगरात उभा असतो. घरी मात्र, गोळी थांबली तरी, ताटात तीच मूठ.

"अगं, इथं बाई कुठं आहेत?"

"मी हाय की."

मग मी जास्त मागत नाही. एवढंच म्हणतो, "बरं, हात तरी दे."